कोनाड्यातली बशी

कापूरहोळ फाटा,
गुरुवार, १३ मे १९७१

प्रिय कोंडिबा,

जय भीम. हा शब्द माझ्या अक्षरात पाहून तू पाकीट पुन्हा उलटून बघशील, की हे आलं तरी कुणाकडून. चौदा वर्षं तू फाट्यावर येऊन मला जय भीम घालायचास आणि मी किटली पुसत नुसतं 'हं' म्हणायचो. तेव्हा शंका येणं साहजिक आहे. मी रखमाजीच आहे, भोंगवलीच्या शाळेतला. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. पाच महिने झाले, तू माझ्या हॉटेलात चहाला आला नाहीस. का आला नाहीस ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण या पाच महिन्यांत मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं, ते तुला ठाऊक नाही. ते सांगितल्याशिवाय मला तुझ्याकडं काही मागता येणार नाही.

कुत्र्यापासून सुरुवात करतो. मार्गशीर्षातला गुरुवार होता, दत्तजयंती दोन दिवसांवर आली होती. सकाळी मी गल्ल्यामागच्या दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत होतो. साताऱ्याकडून आलेला एक ट्रक फाट्यावर थांबला आणि गेला. धूळ खाली बसली तर दारात कुत्रं उभं. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. भुंकलं नाही की शेपटी हलवली नाही, नुसतं माझ्याकडं बघत राहिलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खोटं कशाला सांगू, मी तसबिरीतली चारही मोजून बघितली. चारही जागेवर होती. तरी मन म्हणालं, हे साधं जनावर नाही. ते उंबरा ओलांडून आत आलं आणि बाकड्याखाली बसलं. मी हाकललं नाही.

त्यावरून फाट्यावर आठ दिवस वाद चालला, सुरुवातीचा तूही ऐकलास. पंक्चरवाला मानसिंग पहिल्याच दिवशी म्हणाला, "रखमाशेठ, हाटेलात कुत्रं? उद्या म्हस बांधाल आन् आमाला म्हणाल, गोठ्यात बसून च्या प्या." दूध घालायला आलेली अंबूबाई म्हणाली, "गप रं मानसिंगा. देवाचं जनावर हाय ते. तुजं हात बग आदी, ते कुत्रं परवडलं." सगळे हसले. पण एसटीतून उतरणारे लोक कुत्रं दिसलं की पाय बाकड्यावर घेऊन बसत. कुणी म्हणे चहात केस पडतील, कुणी म्हणे चावलं तर पोटात चौदा सुया. मानसिंगानं माझ्या कानात सांगितलं, की भोरच्या वळणावरच्या हॉटेलवाल्यानंच ते सोडलंय, तुमचं गिऱ्हाईक तोडायला. एक दिवस मी तेही खरं मानलं आणि त्या हॉटेलवाल्याचा रामराम घेतला नाही. पण बाकी सगळ्यांना मी गल्ल्यावर बसून एकच उत्तर देत होतो, की आपल्या दारात जीव आला तर त्याला आत घ्यावं, बाहेर ठेवू नये. हे वाक्य मी त्या आठवड्यात वीसदा तरी बोललो असेन. तू समोर करंजाखालच्या दगडावर बसून चहा पीत होतास. एकदा तू तिथूनच म्हणालास, "रखमा, कुत्र्याला आत घेतलंस, ब्येस केलंस." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी नंतर कितीतरी वेळा आठवून बघितलं. तुझा आवाज आठवतो, पण अर्थ अजून लागत नाही.

शाळेतही तू उंबऱ्याच्या बाहेर बसायचास आणि मी आत, दाराला लागून. तुझी पेन्सिल संपली की मी माझी मोडून अर्धी उंबऱ्यावरून सरकवायचो. हाताला हात लागू नये म्हणून ती मधेच ठेवायचो आणि तू उचलायचास. आपण मित्र आहोत असं मी तेव्हापासून समजत आलो. पुढं तू सडकेवर मैलकुली झालास, मुकादम झालास, लग्न करून किकवीला राहायला गेलास. मी फाट्यावर हॉटेल टाकलं. तुझी कपबशी दाराबाहेरच्या कोनाड्यात. कान तुटलेला कप आणि निळ्या काठाची बशी. तू यायचास, स्वतः काढायचास, मी वरून चहा ओतायचो, तू पिऊन विसळून परत ठेवायचास. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला तेव्हा मी कुणी विचारलं तर काय सांगायचं तेवढं ठरवून ठेवलं, कपबशी होती तिथंच राहिली. तू कधी काही बोलला नाहीस. मी समजलो, तुला काही वाटत नाही.

आता ती चूक. कुत्र्याला दूध द्यायचं तर भांडं हवं. हॉटेलातली बशी दिली असती तर मानसिंग आणि बाकीचे उठून गेले असते. मी इकडंतिकडं बघितलं आणि कोनाड्यातली बशी घेतली. माझ्या मनात एवढंच आलं, की ही तर वेगळीच आहे. दुसरं काहीच आलं नाही, कोंडिबा. हेच मला अजून कळत नाही, की दुसरं काही कसं आलं नाही. दूध पाजलं की बशी राखेनं घासून परत कोनाड्यात ठेवायचो आणि आपण स्वच्छता पाळली याचं समाधान मानायचो. पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी दहाच्या सुमाराला तू नेहमीसारखा आलास, कपबशी काढलीस, मी चहा ओतला. तू बशीत चहा ओतून फुंकर घातलीस आणि कुत्रं आतून उठून तुझ्यासमोर येऊन बसलं. बशीकडं बघून शेपटी हलवायला लागलं. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसं. तू कुत्र्याकडं बघितलंस, बशीकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मी नजर चुकवून स्टोव्हला पंप मारायला लागलो. तू बशी त्याच्यापुढं ठेवलीस, कपातला उरलेला चहाही तिच्यात ओतलास आणि चालू लागलास. चहा पाजलास तो त्याला आणि बघितलंस माझ्याकडं, एवढं मला कळलं होतं. पण कळलेलं मानायला माणूस तयार नसतो.

तो संशयाचा काळ इथून सुरू झाला. तू येईनास. लांबून सडकेवर खडी टाकताना दिसायचास, पण मान वर करत नव्हतास. मला वाटायला लागलं, याच्या मनात काहीतरी शिजतंय. हा भोरला जाऊन अर्ज देणार. एसटीतून खाकी कपड्यातला कुणीही उतरला, की मी कोनाड्यातली कपबशी उचलून पिठाच्या डब्यामागं लपवायचो. एकदा तर पोस्टमनला बघून लपवली. मार्चात एक जण मोठी वही घेऊन आला आणि इथं माणसं किती, कोण कुठल्या जातीची, असं विचारू लागला. मी त्याला दोनदा चहा पाजला, भजी खायला घातली आणि सांगितलं, की आमच्याकडं सगळ्यांना सारखंच. तो म्हणाला, "बरं हाय की, पण घरात डोकी किती ते सांगा." शिरगणतीचा मास्तर होता तो.

त्याआधी पौषात तुझी वेल्ह्याच्या सडकेवर बदली झाली, तू मागून घेतलीस म्हणे. ज्या दिवशी तुझं सामान ट्रकमधून गेलं, त्याच दिवशी कुत्रं नाहीसं झालं. मानसिंग म्हणाला, "जाता जाता घातलं असंल कायतरी खायला. डूख धरून व्हता त्यो." मी त्याला गप्प करायला हवं होतं. मी म्हणालो, "असंलही." गुरुवारी दत्तापुढं उभा राहिलो आणि तुझं नाव घेऊन म्हणालो, की देवा, त्यानं तुझं कुत्रं मारलं असेल तर तू बघून घे. लहानपणी अर्धी पेन्सिल दिलेल्या माणसाबद्दल मी देवापुढं हे बोललो. गेल्या महिन्यात वेल्ह्याच्या गाडीचा कंडक्टर चहा पिताना सहज म्हणाला, की तुमचं ते ठिपक्याचं कुत्रं विंझरच्या अलीकडं मुकादमाच्या खोपीत दिसतं. जिवंत आहे हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मारलं नाही तर चोरलं. त्यातही मला तुझाच दोष सापडला.

परवा मंगळवारी तू खडीवर गेला असताना तुझ्या घरी एक माणूस येऊन गेला, हे साळूबाई वहिनींनी तुला सांगितलं असेल. पांढरी टोपी, हातात पिशवी, नाव न सांगता गेलेला. तो मी. घरी सांगितलं होतं बनेश्वराला जातो, आणि नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. पिशवीत दोरी होती. कुत्रं बांधून आणायचं आणि फाट्यावर सगळ्यांना दाखवायचं, की बघा चोर कोण होता, एवढ्यासाठी मी आलो होतो. वहिनींनी मला कधी पाहिलेलं नाही, आणि तीस वर्षांत मीही तुझा उंबरा पाहिलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, उन्हाचं आलाय, च्या घ्या. आमी बौद्ध हाय, आदीच सांगते, मागनं तोंड वाकडं नगं." मी आत जाऊन बसलो. बुद्धाच्या तसबिरीला आदल्या दिवशीच्या पौर्णिमेचा हार होता. कुत्रं आलं आणि माझे पाय चाटायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "वळखतंय जनू तुमाला." मी म्हणालो, कुत्री कुणालाही ओळखतात. त्यांनी न विचारता सांगितलं, की ते सामानाच्या ट्रकमागं नसरापूरपर्यंत पळत आलं, तू दोनदा दगड मारून परत लावलंस, पण पायातून रक्त यायला लागलं तेव्हा वर घेतलंस. मग त्यांनी मला चहा दिला. कप नवा होता, फुलांचा. मी बशीत ओतला, तसं कुत्रं माझ्यासमोर येऊन बसलं आणि बशीकडं बघत शेपटी हलवायला लागलं. अगदी त्या दिवशीसारखं. वहिनींनी त्याला हाक मारली, "मैल्या, हिकडं ये. तुजी करवंटी हिकडं हाय." आणि मला म्हणाल्या, "ह्येला मान्साच्या बशीची सवं कुनी लावली कुनास ठावं. आमच्यात कुत्र्याचं भांडं येगळं असतं बगा." त्यात टोमणा नव्हता. त्यांना काही माहीतच नव्हतं. तू घरात एक शब्द बोलला नव्हतास, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. अर्ज तर दूरच राहिला. चहा मी कसा संपवला ते मला आठवत नाही. निघताना त्यांनी विचारलं, "नाव काय सांगू ह्यास्नी?" मी म्हणालो, सांगा, बनेश्वराला आलो होतो. देवाच्या नावानं खोटं बोलून निघालो आणि खोटं बोलूनच परत आलो.

आता का लिहितो ते सांगतो. काल सकाळी मी कोनाड्यातली कपबशी आत आणली आणि गल्ल्यावर बसून तिच्यातच माझा चहा प्यायलो. फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही, पहिल्या घोटाला माझाही हात अडखळला. मानसिंग म्हणाला, "शेठ, ती भाईरची हाय." मी म्हणालो, "व्हती." तो आज आला नाही, आणखी तिघं-चौघं पलीकडच्या हॉटेलात बसलेले दिसले. अंबूबाईनं दूध घातलं, पण माझ्याशी बोलली नाही. कोनाडा मी मातीनं लिंपून टाकला. करंजाखालचा दगड मात्र माझ्यानं हलला नाही, तो मोठा आहे. तू आलास तर त्याच्यावर बसू नकोस, आत बाकड्यावर बस. तुला कप कुठला मिळेल ते मला सांगता येणार नाही, सगळे आता एकाच बादलीत विसळतो. कुत्र्याला तू आणलंस तर त्याच्यासाठी करवंटी ठेवली आहे. आणि नाही आलास तर का आला नाहीस म्हणून मी कुणाला विचारणार नाही, कसला संशयही घेणार नाही. फक्त माझं एक काम कर. वहिनींना सांग, की मंगळवारी आलेल्या माणसाचं नाव रखमाजी, आणि कुत्र्याला माणसाच्या बशीची सवय त्यानंच लावली.

लिहायला धजत नव्हतो, तरी लिहितो,
तुझाच,
रखमाजी