सोमवारची चिठ्ठी

१० नोव्हेंबर, सोमवार

पाठीमागून मोजत आल्या बाई! सगळे सुतापासून सुरुवात करतात. पुण्याहून आलेल्या सल्लागार वैजयंती मॅडमनी जिथं ट्रक लागतो तिथून केली. आधी पॅकिंग, मग तपासणी, मग माझा शिवण विभाग, मग माग, रंगखातं आणि शेवटी सुताचं गोदाम. प्रत्येक ठिकाणी थांबून किती टॉवेल पडून आहेत ते मोजलं. हातात घड्याळ. एक टॉवेल शिवायला किती सेकंद, एक घडी घालायला किती.

याला व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग म्हणतात. मालाचा वाटेवरचा नकाशा. पॅकिंगचा धुळाप्पा म्हणाला, "म्हंजी गटार कुटं तुंबलंय ते बघायचं, एवढंच की!" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अगदी तेच."

माझ्या रॅकपाशी दुपारी आल्या. रॅक रिकामा. कागदावर शून्य लिहिलं. खोटं कशाला बोलू – बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कँटीनच्या भिंतीवर लांबलचक खाकी कागद. त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या. माल जिथं पडून राहतो तिथं त्रिकोण. तळाशी वेळेची एक नागमोडी रेघ.

सूत आल्यापासून ट्रक सुटेपर्यंत एकवीस दिवस. आणि टॉवेलला खरोखर हात लागतो तो बावन्न मिनिटं! बाकी सगळं नुसतं पडून राहणं. हे ऐकून मी दोनदा विचारलं. बावन्न मिनिटंच.

सगळ्यात मोठा त्रिकोण राहतबीच्या तपासणीच्या टेबलावर. सहा दिवसांचा माल.

मॅनेजर शरणबसव साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "राहतबी, तुमच्याकडं माल झोपतोय की हो!"

राहतबी म्हणाल्या, "झोपंल कसा साहेब, हितं बसायला जागा न्हाय, झोपायला कुटली?"

हशा झाला. मीही हसलो. पण त्या स्वतः हसल्या नाहीत. कागदाकडं बघत उभ्या राहिल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शनिवारी 'पुढचा नकाशा', म्हणजे इथून पुढं माल कसा जाईल तो, काढणार. साहेब सहज बोलून गेले – त्यात तपासणीचं टेबलच नाही. शिवणाऱ्या बायकांनी आपापला टॉवेल तपासायचा. राहतबींना महिनाअखेरीला कायमची रजा द्यायची.

एकोणीस वर्षं झाली त्यांना. नवरा मौला रिक्षा चालवायचा. डोळे गेल्यापासून घरीच असतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी सहज रॅककडं नजर गेली. रॅक भरलेला. वरच्या फळीपर्यंत. सोमवारी शून्य, आज गुरुवारी चार दिवसांचा शिवलेला माल!

इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं लिहिता येणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी एक अख्खा लॉट परत आला होता. कडा उसवलेल्या. माझ्याच सहीचा. नोकरी जाता जाता वाचली. पुढचा लॉट मी हट्टानं सोमवारी सोडला – पहाटे तळ्यातल्या देवळात सिद्धरामेश्वराचं दर्शन घेऊन, कपाळाचं भस्म तसंच ठेवून. तो पास झाला. तेव्हापासून आठवडाभराचा शिवलेला माल रॅकवर धरून ठेवतो. सोमवारी सकाळी नऊला माल सोडायची चिठ्ठी सही करून फाडतो आणि सगळा एकदम राहतबीच्या टेबलावर पाठवतो. कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. ट्रक शनिवारीच सुटतो, त्यामुळं कुठं अडलं नाही.

मॅडमनी सोमवारी दुपारी मोजलं. शनिवारी मोजलं असतं तर तो त्रिकोण माझ्या नावावर पडला असता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. काच होती. आतून त्यांनी हातानंच विचारलं – काय? मी म्हणालो, काही नाही. पाणी प्यायला आलो होतो.

पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवा नकाशा झाला. मॅडमनी दोनदा विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" मी धुळाप्पाच्या मागं उभा होतो.  मनात एकच – अकरा वर्षं माल अडवला म्हणतील! देवाच्या नावावर कामचुकारपणा केला म्हणतील! या वयात मला कोण ठेवून घेणार?

राहतबीच्या टेबलाची पिवळी चिठ्ठी साहेबांनी काढली. घडी करून खिशात घातली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पूजेला बसलो. रोजचे शब्द तोंडात आले, पण पुढं सरकेनात. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, चुकीचं गणित पुसू नका, त्याच्याखाली बरोबर करून दाखवा. दिवसभर तेच डोक्यात. जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

देवळात गेलो नाही. पहिल्यांदाच! सरळ कारखान्यात. मॅडम आलेल्याच होत्या.

म्हणालो, "मॅडम, रॅक बघायला चला." भरलेला रॅक दाखवला. मग सगळं सांगितलं. 

साहेब मध्येच आले. "सयाजीराव, देवाला कशाला मधी घालता? सरळ म्हणा की, विसरलो!"

"विसरलो नाही, साहेब. ठरवून केलं."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना रागवायला सोपं गेलं असतं, मी विसरलो म्हणालो असतो तर.

मॅडमनी रॅकवरचे गठ्ठे मोजले. मग म्हणाल्या, "मी एकाच दिवशी मोजलं. चूक माझीही आहे." खिशातली पिवळी चिठ्ठी त्यांनी साहेबांकडून मागून घेतली. शुक्रवारपर्यंत रोज माल सोडायचा, रोज मोजायचं, मग ठरवायचं.

माझं काय? साहेब एवढंच म्हणाले, "बघू."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी कालचे शिवलेले गठ्ठे पाठवले.  मंगळवार!

२० नोव्हेंबर, गुरुवार

मॅडम रोज दोनदा मोजतात. जुना साठा उपसला गेला; आता टेबलावर अर्ध्या दिवसाच्या वर माल नाही. काल सायंकाळी वेळेवर, साडेपाचला राहतबी पर्स घेऊन निघाल्या, तर वॉचमन म्हणाला, "तब्येत बरी न्हाय का?"

पॅकिंगमधून एकही टॉवेल परत आला नाही. उसवलेला त्यांनी एक शोधला, माझ्याच विभागाचा. दोन बोटांत धरून मला दाखवला. 

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टेबल राहिलं. नकाशात परत चिकटवलं. माल सोडायची माझी सही गेली. ती चिठ्ठी आता धुळाप्पा फाडणार, मी फक्त शिवण बघायची. पगार तोच. ऐकून हलकं वाटलं. लाजही वाटली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत राहतबीकडं गेलो. माफी मागितली. म्हणालो, तुम्हाला ठाऊक नव्हतं, माझ्यामुळं सोमवारी-मंगळवारी तुमची कंबर मोडायची.

डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "पयल्याच वर्षी कळलं होतं, भाऊ. कपाळाला भस्म असायचं त्याच दिवशी माल यायचा."

"मग नकाशाच्या वेळी तरी बोलायचं! नोकरी चालली होती तुमची."

"तुमच्या देवाचा वार तो. मी बोलले असते, तर गोष्ट टॉवेलची राहिली असती का?"