मागच्या खिडकीची उंची

इंदिरानगर, नाशिक

प्रिय चैताली,

अडीच वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट बाजूला ठेवशील असं वाटतं. ठेव, पण सवडीनं वाच. फोन केला असता तर तुला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागलं असतं, म्हणून पत्र.

आम्ही गाडी घेतली आणि ती मी चालवते. तुझ्या स्कूटीवर मागे बसून वळणावर डोळे मिटणारी बाई मी, त्यामुळे तुझा विश्वास बसणार नाही. झालं असं की बाबांना काचबिंदू निघाला. (तुला लिहिताना ह्यांना बाबाच म्हटलं जातं, चालवून घे.) डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नियमानं काढलेला माणूस, त्यांनी महिन्याभरात जुनी गाडी विकूनसुद्धा टाकली. मग मी एकोणसाठाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवायला संजना नावाची पंचविशीतली मुलगी होती. क्लच सोडला की माझी गाडी उडी मारून बंद पडायची, मागे हॉर्नचा कल्लोळ. ती शांतपणे म्हणायची, “वाजवू देत काकू, त्यांच्याकडे तेवढंच आहे.” दीड महिन्यानं मी द्वारका चौकातून एकदाही बंद न पाडता गाडी काढली, तेव्हा तिनं मला उसाचा रस पाजला.

मग प्रश्न आला कोणती गाडी घ्यायची. लहानच हवी होती, आपल्या पार्किंगचा कोपरा तुला माहीत आहे. शेवटी दोन उरल्या. एक बसकी, गोल पाठीची, दिसायला देखणी. दुसरी उंच, सरळसोट, पत्र्याच्या डब्यासारखी. धवलनं बंगळूरहून फोन करून बसकीच घे म्हणून सांगितलं. ती रस्त्याला धरून चालते, वळणावर डुलत नाही, पुढेमागे विकताना बरी पडते. बाबांचंही तेच मत. मला म्हणाले, “त्या दुसरीत आपण दूध घालायला निघाल्यासारखे दिसू.”

शोरूममधला विश्वेश नावाचा मुलगा किल्ली घेऊन थेट बाबांकडे गेला. “काका, तुम्ही पुढे या, काकूंना मागे आरामात बसू दे.” बाबा म्हणाले, “आराम मला करायचाय. गाडी त्या चालवणार आहेत.” ते मागे जाऊन बसलेसुद्धा. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी माझ्यासाठी असं बोललेलं मला दुसरं आठवत नाही.

बसकी गाडी खरंच छान चालली. पाथर्डी फाट्यापर्यंत गेलो, आवाज नाही, धक्का नाही. परत आल्यावर मी मनात तीच पक्की केली होती. उतरले, आणि मागचं दार उघडून आत बसले. बसले म्हणजे घसरत घसरत खाली गेले, डोळे सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवर येईपर्यंत. विश्वेशला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी आणायला पळाला. त्या उंचीवरून मला दाराचं काळं प्लॅस्टिक दिसलं आणि वर आभाळाची एक पट्टी. ह्या गाडीची खिडकी मागे मागे निमुळती होत जाते. मग उंच गाडीत तसंच बसून पाहिलं. तिथून रस्ता दिसत होता, समोरच्या पंक्चरवाल्याचे टायर दिसत होते, दुभाजकावरची कण्हेर दिसत होती. मी म्हणाले, ही घेऊ.

विश्वेशनं विचारलं, “घरात लहान मूल आहे का काकू?” मी नाही म्हणाले. घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, “ओवीला गाडी लागते, म्हणून ना?” तू गेल्यापासून त्यांनी तिचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं.

घोटीच्या लग्नाला आपण एसटीनं गेलो होतो ते तुला आठवत असेल. ओवी साडेतीन वर्षांची होती. विल्होळी मागे पडल्यापासून तिला उलट्या सुरू झाल्या. तू तिला खिडकीशी धरून बाहेरचं काय काय दाखवत होतीस, बैल, पाट्या, भाताची खाचरं, आणि दर वेळी स्वतःची ओढणी पुढे करत होतीस. तुझी नवी ओढणी होती ती. शेजारी बसून मी तुला एवढंच म्हणाले, की निघताना पोरीला दूध कशाला पाजलंस. लग्नात तू ओल्या ड्रेसवर फिरलीस आणि मी चार नातेवाइकांना सांगितलं की आमच्या सुनेला नोकरीपुढे पोरीचं काही सुचत नाही.

तेच वाक्य पुढे कोर्टाच्या कागदात गेलं. माझ्या नावाच्या प्रतिज्ञापत्रात चौथा मुद्दा होता, की ओवी आजारी असताना तू बँकेत निघून जायचीस आणि तिला मी सांभाळायचे. धवलच्या वकिलांनी लिहून आणलं होतं. मी न वाचता सही केली असं बाबांना सांगितलं, आजवर तेच सांगत आले. ते खरं नाही. मी चष्मा लावून दोनदा वाचलं होतं. मुलगा समोर बसला होता आणि मला वाटलं, आईनं मुलाच्या बाजूनं असायला हवं. कोर्टानं ओवीला तुझ्याकडेच दिलं, तेव्हा मी चारचौघांत रडले. एकटी असताना मला हायसं वाटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी मी एकटी चांदवडला आले होते. पिंपळगावपाशी कांद्याचे ट्रॅक्टर होते, त्यांच्या मागे मागे सावकाश आले. निघताना बाबांनी कुठं चाललीस असं विचारलं नाही, “टोलला थांबू नकोस, फास्टॅग लावलाय,” एवढंच म्हणाले. बसस्टँडजवळ गाडी लावली. अर्ध्या तासानं तू आणि ओवी स्टेशनरीच्या दुकानातून बाहेर आलात. तिच्या हातात कार्डशीटची गुंडाळी होती आणि ती तुला हात हलवून काहीतरी समजावत होती. केवढी उंच झाली गं. दोन पुढचे दात नाहीत. मी काच खाली करून हाक मारू शकले असते. पण तिच्यासमोर तुला माझ्याशी गोड बोलावं लागलं असतं, आणि तसं करायला लावण्याचा मला काय अधिकार? तुम्ही गल्लीत वळेपर्यंत बसून राहिले, मग परत फिरले. दीड वाजता घरी पोचले. जेवताना बाबांना सगळं सांगितलं, चौथ्या मुद्द्यासकट. ते ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

आता पत्राचं कारण. धवल पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करणार आहे, ओवीला बंगळूरला नेण्यासाठी. माझं ते जुनं प्रतिज्ञापत्र पुन्हा जोडायचं आणि मी साक्षीला उभं राहायचं, असं त्यानं फोनवर सांगितलं. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, “आई, तू माझी आहेस की तिची?” मी म्हणाले, “मी तुझीच आहे, पण ते खोटं होतं.” तेव्हापासून त्याचा फोन नाही. मंगळवारी मी गाडी काढून कोर्टात गेले आणि नवं प्रतिज्ञापत्र केलं. जुन्यातला चौथा मुद्दा खोटा आहे, मला माहीत असून मी सही केली, आणि एसटीतली ती गोष्ट जशी घडली तशी, एवढंच त्यात आहे. साक्षीदार म्हणून बाबांची सही आहे. मूळ प्रत ह्या पाकिटात आहे, तुझ्या वकिलांकडे दे. माझ्यावर काही कारवाई झाली तर होऊ दे. आणि हे नीट ऐक, हा कागद ओवीला भेटण्याच्या बदल्यात दिलेला नाही. तुला भेटवावंसं वाटलं नाही, तरी तो तुझाच आहे. वाटलंच कधी, तर मी चांदवडला येईन, आणि तूही आमच्याबरोबर गाडीत बस.

तुझीच,
श्यामला