नुकागा-सानांची पाठ

२ डिसेंबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, गेन्ता, तुझ्याच्याने एक पान सलग लिहून होणार नाही. आता बघा म्हणावं.

तर मुद्दा असा. आमच्या देवमाशांच्या शिकारी जहाजावर भाल्याची तोफ चालवतात ते नुकागा-सान. त्यांची ही शेवटची फेरी. जाण्याआधी ते आपला चेला निवडणार. हे कंपनी ठरवत नाही, कॅप्टन ठरवत नाही. तोफवाला स्वतः ठरवतो आणि तेही सांगत नाही. न्हाणीघरात एखाद्या दिवशी एकाला म्हणतो, जरा माझी पाठ चोळ रे. झालं. पाठ चोळणारा तो चेला. नुकागा-सानांनी त्यांच्या उस्तादाची अशीच चोळली होती.

नाव घेण्यासारखे दोघेच. मी आणि हाचिया. हाचियाची नजर तेज आहे, पण नजर काय, कोणाचीही असते. तोफेला छाती लागते.

आईला निघतानाच सांगून टाकलंय की ठरल्यात जमा आहे. सगळा हिवाळाभर तिने काळजी कशाला करायची. ती म्हणाली, मग शेजारी सांगू का? म्हटलं, सांग.

निश्चय: सिगरेट बंद. रोज शंभर जोर. टंडेलशी, म्हणजे आम्हा खलाशांच्या मुकादमाशी, वाद नाही.

३ डिसेंबर
सिगरेट सुरू. खवळलेल्या समुद्रात एकदम सोडणं तब्येतीला वाईट. जोर अकरा. जहाज हलत असताना मारलेले, त्यामुळे एकाचे तीन धरले पाहिजेत. टंडेलशी वाद झाला. सुरुवात त्याने केली.

९ डिसेंबर
बर्फ दिसायला लागला. डोलकाठीवरच्या पिंपात बसून टेहळणी. देवमासा दिसला की जोरात हाक द्यायची, एवढंच काम. मी तीनदा दिली. तिन्ही वेळा बर्फाचा डोंगर निघाला, पण सावधपणा तर दिसला.

खाली उतरलो तेव्हा नुकागा-सान म्हणाले, आवाज चांगला आहे तुझा. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे काय ते या जहाजावर सगळ्यांना माहीत आहे. हाचिया म्हणतो, त्याचा अर्थ नजर वाईट आहे असा होतो. जळतोय.

१७ डिसेंबर
काळं जहाज आलं. अजून एकाही देवमाशाला भाला लागलेला नाही आणि हे हजर. दरवर्षी येतात म्हणे. देवमासे वाचवायला.

आमचं काम आता असं: मांस कापण्याचं जे आपलं मोठं जहाज आहे, त्याच्या आणि काळ्या जहाजाच्या मध्ये राहायचं. मोठं जहाज पळतंय. म्हणून आम्हीही पळतोय. टंडेल म्हणाला, याला डावपेच म्हणतात.

ते भोंग्यावरून आमच्या भाषेत ओरडतात. उच्चार असे, की स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगतायत असं वाटतं. घरी जा, घरी जा, घरी जा. आमचा आचारी मोरोझुमी कढईसकट डेकवर आला आणि त्यांच्याकडे तोंड करून ओरडला, अरे बाबांनो, आम्हीही तेच म्हणतोय, कॅप्टनला सांगा!

२८ डिसेंबर
आज लढाई. सविस्तर लिहितो.

मला नळीवर ठेवलं होतं. टंडेलने उगाच नाही ठेवलं. त्यांची रबरी होडी जवळ आली की पाण्याचा फवारा मारून लांब ठेवायची. होडीत चारजण, पुढे लाल हेल्मेटवाली एक मुलगी. मी नेम बरोबर धरला होता. वारा चुकीचा होता. सगळं पाणी आमच्याच कॅप्टनच्या काचेवर गेलं आणि तिथेच गोठलं. कॅप्टन आतून काहीतरी बोलत होते, ऐकू आलं नाही.

मग बाटल्या आल्या. नासलेल्या लोण्यासारखं काहीतरी असतं त्यात. बाकीच्या डेकवर फुटल्या. एक माझ्या छातीवर. एवढ्या माणसांतून मलाच धरलं, म्हणजे मुख्य माणूस कोण हे त्यांना कळलेलं आहे. होडीतला एकजण कॅमेऱ्यावर सगळं घेत होता म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. नंतर पाय घसरला, पण तो भाग ते काढून टाकतील.

एक गोष्ट राहिली. आरडाओरडा या बाजूला चालला असताना मी सहज मागे वळलो. पलीकडच्या बाजूला, अगदी जवळ, देवमासा वर आला. हात लांब केला असता तर. त्याने श्वास सोडला, उगाच थोडा वेळ थांबला, आणि गेला. सगळ्यांची पाठ तिकडे.

मी हाक दिली नाही. एक तर हातात नळी होती. दुसरं, टेहळणीची पाळी हाचियाची होती. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं मला आवडत नाही.

३० डिसेंबर
साबण झाला, व्हिनेगर झालं, मोरोझुमीकडून तांदळाची दारू मागून ती झाली (उरलेली प्यायलो). वास गेला. मला तर अजिबात येत नाही.

टंडेल म्हणाला, तो कोट आत्ताच्या आत्ता समुद्रात टाक. हो म्हणालो. पण लढाईची खूण कोण टाकतं? प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गादीखाली ठेवलाय. पिशवीला छोटंसं भोक आहे, चालेल.

एक बदल जाणवतो. जेवायला बसलो की माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. नुकागा-सानांच्या शेजारीही मान म्हणून एक खुर्ची सोडतात. माझ्या चार सोडतात. हाचिया अंथरूण घेऊन दोरखंडाच्या खोलीत झोपायला गेला. म्हणे तिथे हवा चांगली आहे. तिथे खिडकीसुद्धा नाही.

तक्रार: टंडेलने मला न्हाणीघर बंद केलंय. मी सांगेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही, म्हणाला. आंघोळ डेकवर, बादलीने. समुद्राच्या पाण्याने. बर्फात! माणसाने मान मिळवला की लोक असे वागतात.

३१ डिसेंबर
वर्षअखेरच्या शेवया मला दारातूनच दिल्या. माझी घरी फोन करायची पाळी होती. आई म्हणाली, टीव्हीवर तुमचं जहाज दाखवलं, पिवळ्या कोटातला कोणीतरी डेकवर घसरून पडला आणि तसाच लांबपर्यंत गेला, तू नव्हतास ना? म्हटलं, छे, तो हाचिया. मग तिने तोफेचं विचारलं. जवळजवळ, म्हटलं. ती म्हणाली, शेजारच्या ओकिनो-मावशी रोज विचारतात.

२ जानेवारी
नव्या वर्षाची पहिली आंघोळ. आज टबात समुद्राचं पाणी नसतं. महिनाभर थेंब थेंब वाचवलेलं गोडं पाणी असतं, कडकडीत. आधी नुकागा-सान, मग वयाप्रमाणे सगळे. गेले दोन दिवस या जहाजावर दुसरा विषय नव्हता. म्हणजे पाठ चोळायचा दिवस आजच, हे कोणालाही कळेल.

योजना: सगळे नाश्त्याला असताना आत शिरायचं. पाणी तपासायचं. नुकागा-सान येतील तेव्हा ब्रश घेऊन तयार. ते म्हणतील, अरे, तू इथे? मी म्हणणार, पाणी बरोबर तापलंय, उस्ताद.

दुपार
पाणी हाताने तपासून कळत नाही. म्हणून आत उतरलो. टबात उतरण्याआधी बाहेर अंग धुवायचं असतं, हे मला माहीत आहे, दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. पण धुवायला तेच गोडं पाणी लागलं असतं. वाचवलेलं पाणी बाहेर सांडायचं? मी काटकसर केली.

पाणी छान होतं. थोडा डोळा लागला.

जागा झालो तेव्हा नुकागा-सान दारात, कमरेला पंचा. त्यांच्यामागे टंडेल, त्याच्यामागे सगळं जहाज रांगेत. नुकागा-सानांनी एकदा श्वास घेतला. मग डोळे मिटले. मग मागे वळले. त्यांच्यामागे सगळी रांग वळली.

४ जानेवारी
कोणी बोलत नाही. टब सोड्याने तीनदा घासला, मीच घासला. उपयोग नाही म्हणतात. माझ्या मते त्या टबाला आधीपासूनच वास असणार. एवढी माणसं बसतात.

मोरोझुमी तेवढा बोलला. म्हणाला, गेन्ता, त्या काळ्या जहाजवाल्यांना जे पेटीभर बाटल्यांनी जमलं नाही, ते तू एका बुडीत करून दाखवलंस. त्यांनी तुला पगार द्यायला हवा. हाचिया इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

१९ जानेवारी
पळतोय. काळं जहाज मागे. सकाळी उठून पाहावं तर मागे, जेवून पाहावं तर मागे. मोठं जहाज डावीकडे वळलं की आम्ही डावीकडे, आम्ही वळलो की काळं. तोफेवर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर बर्फ. नुकागा-सान रोज सकाळी जाऊन बर्फ झटकतात आणि परत येतात.

भोंग्यावाल्याचा घसा बसलाय. घरी जा मधला जा ऐकूच येत नाही. मोरोझुमी म्हणाला, त्या बिचाऱ्याला आल्याची गोळी तरी पाठवा कोणीतरी. आज ती मुलगी त्यांच्या डेकवर कठड्याला टेकून उभी होती, लाल हेल्मेट काखेत. तिने जांभई दिली. मलाही आली. इशारा असेल.

हाचिया म्हणाला, माझ्या बहिणीच्या घरी हे मांस कोणी तोंडातही घालत नाही, पोरं म्हणतात बर्गर आण. कोल्ड स्टोरेजमध्ये मागच्या वर्षीचं पडून आहे. मग आपण इथे कशाला आलो? टंडेलने बराच विचार केला. म्हणाला, मागच्या वर्षी आलो होतो म्हणून. मग एकदम चिडला. पण त्यांनी घरी जा म्हटलं म्हणून मी जाणार नाही, म्हणाला. माझ्या आज्याने हेच केलं, बापाने हेच केलं, आणि हे कोण लागून गेले? एकेक करून सगळे उठले. शेवटी तोही झोपायला गेला.

जोर: नाही. डायरीही रोज होत नाही. लिहिण्यासारखं काही नसताना लिहिणं म्हणजे शाई फुकट.

१० फेब्रुवारी
कॅप्टनने सांगितलं, सीझन संपला. वेळेआधीच. वरून हुकूम आलाय. घरी.

सगळे ओरडले. कोणाच्या बाजूने ओरडले ते कळलं नाही. काळ्या जहाजावरही लोक मिठ्या मारत होते. मोरोझुमीने त्यांना पंचा हलवून दाखवला. तिकडूनही एकाने काहीतरी हलवलं.

मी शांत होतो. घरी पोचेपर्यंत पुष्कळ आंघोळी बाकी आहेत.

२६ फेब्रुवारी
झालं! म्हणजे झालं असं म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी नुकागा-सानांनी स्वतः बोलावलं. आंघोळीला. टंडेल म्हणाला, अहो, त्याला? ते म्हणाले, मला सर्दी आहे. मी बाहेर दोनदा अंग धुतलं, सगळ्यांदेखत. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, जरा माझी पाठ चोळ रे.

किती दिवस जिची वाट पाहिली ती पाठ. मला वाटलं होतं रुंद असेल. बारीक, म्हाताऱ्या माणसाची. मणके मोजता येतील. हात जरा हळूच चालवला.

ते म्हणाले, त्या दिवशी तू पाहिलास ना तो. पलीकडच्या बाजूला. माझा हात थांबला. चोळ चोळ, म्हणाले, मीही पाहिला.

मी म्हटलं, माझ्या हातात नळी होती. ते म्हणाले, माझ्या हातात काहीच नव्हतं.

मी ब्रश पुन्हा चालवला. मग म्हणाले, तोफेवरच्या माणसाच्या तोंडून ती हाक आपोआप निघते. झोपेतसुद्धा. चाळीस वर्षं माझ्या निघाली, बायको कंटाळायची. त्या दिवशी तो इतका जवळ होता आणि निघाली नाही. मला वाटलं, दमलो असेन. मग तुझ्याकडे पाहिलं, तर तू तरुण असून तोंड उघडं ठेवून नुसता बघतोयस. तुझ्याच्याने हे काम व्हायचं नाही, पोरा. वाईट वाटून घेऊ नकोस.

मी विचारलं, मग हाचिया? ते म्हणाले, कोणी नाही. बंदरात पोचलो की तोफ उतरवणार आहेत. हे जहाज पुढच्या वर्षी येत नाही.

मग पाठ कशाला चोळून घेतलीत, विचारलं. म्हणाले, खाज येत होती.

रात्री विचार केला. पाठ तर चोळली. रिवाज म्हणजे रिवाज. खाज वगैरे नंतरचं.

१८ मार्च
बंदरात क्रेनने तोफ काढली. वाटलं होतं जड असेल, झटकन उचलली गेली. नुकागा-सानांनी ताडपत्रीची नीट घडी केली आणि ती कोणाला द्यायची हे न कळून बराच वेळ हातात धरून उभे राहिले. शेवटी मी घेतली.

हाचिया मोटारींच्या कारखान्यात चालला. तूही चल म्हणाला. विचार करतो म्हटलं. म्हणाला, पण गाडीत वेगळ्या डब्यात बसू.

२० मार्च
घरी, गावच्या बोटीने. आई जेट्टीवर, शेजारी ओकिनो-मावशी, आणखी दोघी. मला पाहून पुढे आल्या आणि मग सगळ्या एकदम थांबल्या. या वेळी मान वगैरे वाटला नाही.

आई म्हणाली, पिशवीत काय आहे? म्हटलं, कोट. म्हणाली, टीव्हीवरचा? मी पिशवी पाठीमागे धरली. ओकिनो-मावशींनी एप्रनने नाक धरून विचारलं, तोफेवर लागलास ना रे? म्हटलं, तोफच काढली. त्या म्हणाल्या, अगंबाई. आणि घरी गेल्या.

आईने मला घरात घेतलं नाही. अंगणात जिथे माकूळ मासे चौकटींवर वाळत घालतो तिथे उभं केलं, शर्ट काढायला लावला, कोट जाळायला टाकला. मग नळी लावली आणि माकुळाच्या चौकटी घासायचा ब्रश घेऊन म्हणाली, वळ.

माझी पाठ चोळत होती. खूप वेळ. मी तिला विचारलं, किती जणांना सांगितलं होतंस? म्हणाली, सगळ्यांना. मग म्हणाली, असू दे, चौकटी घासायला माणूस हवाच होता.

रिवाजाने पाहिलं तर आता आई माझी चेली. तिला सांगितलं नाही.

वास गेला का, विचारलं.

नाही, म्हणाली.