छी-ज़मधली मुलं

३ नोव्हेंबर
आजपासून पुस्तक सुरू. विषय: चिनी भाषेत दोन शब्दांची जोडी झिजत झिजत एकच शब्द कशी होते. शीआन विद्यापीठातल्या आमच्या भाषा विभागात हे काम माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. बरीच वर्षं सांगतोय, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षअखेर हस्तलिखित तयार.

४ नोव्हेंबर
पहिला शब्द 'श्वेइ-च्याओ'. मूळ अर्थ झोपणं आणि जागं होणं. पुढे जागं होणं गळालं, नुसतं झोपणं उरलं. आडवं पडून विचार केला. संध्याकाळ झाली.

१० नोव्हेंबर
इमारतीचं हीटिंग अजून बंद. गारठलेल्या बोटांनी संशोधन होत नाही.

१६ नोव्हेंबर
हीटिंग सुरू. फारच ऊब. डोळे मिटतात.
बायको मेइछिन म्हणाली, "अहो विद्वान, पोरगी रविवारी नोकरीसाठी लानचौला चाललीय. तिची पुस्तकं तरी बांधून द्या." म्हटलं, 'छी-ज़' संपवून येतो.

१९ नोव्हेंबर
'छी-ज़' म्हणजे पूर्वी बायको आणि मुलं. हळूहळू मुलं गळाली. आता अर्थ फक्त बायको. मोठ्याने वाचत होतो, यिंग दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, मुलं नेमकी कधी गळाली?"
म्हटलं, मतभेद आहेत.
प्रश्न चांगला. तळटीप टाकायला हवी. पोरगी बापावर गेलीय. पुस्तकं तिनेच बांधली.

२२ नोव्हेंबर, रविवार
स्टेशनवर जाणारच होतो. नेमकं तेव्हाच पुस्तकाचं पहिलं वाक्य सुचलं. ते उतरवून खाली पोचलो, तोवर टॅक्सी गेलेली. घर लावून द्यायला मेइछिनही सोबत गेली. यिंग समजून घेईल, समंजस आहे.
वाक्य दुपारी खोडलं.

२९ नोव्हेंबर
घरात शांतता. आता काम धडाक्यात होणार.
विभागातली फांग भेटली. "थान सर, पुस्तक कुठवर आलं?" म्हटलं, मनात पूर्ण आहे. "मग छापखान्यात मनच पाठवा," म्हणाली. तरुण आहे, कळेल पुढे.

६ डिसेंबर
मेइछिनला फोनवर विचारलं, कधी येतेस? "इथे बरं वाटतंय हो. तुमचं पुस्तक होऊ द्या आधी." माझ्या कामाची केवढी कदर!

१३ डिसेंबर
आज लिहिलं नाही. थकवा. पुस्तक पुढल्या वर्षी.
यिंगला स्वतःहून फोन लावला. बरंच विचारायचं ठरवलं होतं: ऑफिस कसं आहे, थंडी किती, दुपारी काय खातेस. तिने उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "थांबा बाबा, आईला देते."
मी तिलाच लावला होता.
मेइछिनशी बोललो. पेजेला पाणी किती घालायचं, ते विचारलं.