ताटावरचं छप्पर

ती. अरविंददादांना सिल्वासाहून सुवर्णाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? तिळाच्या तेलाने चोळत जा, डॉक्टरपेक्षा स्वस्त पडतं. इकडे दत्तकृपेने सर्व ठीक. जुईला पुण्यात तुमच्याकडे राहून भाषाशास्त्र शिकायचंय, त्यावर "शब्दांनी पोट भरत नाही" असा तुमचा नकार पोचला. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. वेगळीच हकिगत सांगते.

ह्यांच्या सायली गावातल्या कारखान्यात नवं मशीन बसवायला डेन्मार्कचे येन्ससाहेब आलेत. गुरुवारी नैवेद्याला पुरणपोळी होती, म्हणून हे त्यांना थेट जेवायलाच घेऊन आले. (आधी सांगायची पद्धत ह्यांच्या घराण्यात नाही.) साहेबांनी ताट अगदी पुसून स्वच्छ केलं, कारण त्यांच्याकडे पानात टाकणं असभ्य. आपल्याकडे पाहुण्याचं पान रिकामं दिसणं असभ्य, म्हणून मी आणखी एक पोळी वाढली. ते 'ताक' म्हणाले (आपलं नव्हे, ते मी केलंच नव्हतं) आणि तीही संपवली. मी पुन्हा वाढली. साहेब लालबुंद झाले, घाम फुटला. हे डोळे वटारायला लागले. मला वाटलं तूप कमी पडलं, तेही सोडलं.

तेवढ्यात जुई धावली. "अगं आई, थांब! माणूस आभार मानतोय, तू मारतेस त्याला!" मग तिने सगळं उलगडलं. डेन्मार्कचं 'ताक' म्हणजे आभार, मुळात मनात आठवण ठेवणं. शेजारच्या स्वीडनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ छप्पर. तो झाकण्यावरून आला, आपल्या 'स्थगित'चा (मुळात 'झाकलेलं') चुलतभाऊ. आणि पोलंडात त्याचा अर्थ 'हो', तो आपल्या 'तथास्तु'तल्या 'तथा'च्या कुळातला! दादा, अंगावर काटा आला. देवाच्या तोंडचा शब्द तिकडे बायका भाजी घेतानाही वापरतात! (आपलं ताक मात्र ह्यांपैकी कुणाचंच कुणी नाही. मला जरा वाईट वाटलं.)

मग पोरीने साहेबांना पानावर दोन्ही हात आडवे धरायला शिकवलं. म्हणाली, "आधी स्वीडनचं ताक धरा, मग तुमचं म्हणा." साहेब पोट धरून हसले, अर्थात जपूनच.

शब्दांनी पोट भरत नाही हे खरंच, दादा. पण त्या दिवशी एक पोट फुटता फुटता वाचलं. मी मॅट्रिक, मला तर पोरीकडे नुसतं बघत राहावंसं वाटलं.

वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी,
सुवर्णा

ता. क. : नकाराचा फेरविचार व्हावा, ही पदर पसरून विनंती.

आणखी ता. क. : फार विचार करू नये. प्रवेश घेऊन झालाय. वहिनींनी मागची खोलीही रिकामी केली आहे. तुम्ही शोधताय ती आरामखुर्ची गच्चीवर आहे.