गार वाऱ्यातले सांडगे

मंगल, जर्मनीला धाडताना तीन स्वेटर कोंबलेस, पण सोऱ्या का म्हणून काढून घेतलास? इथं घरात घाम फुटतोय!

सूनबाई, तुला आशीर्वाद. गुडघा बरा हाय.

कुरडई हुकली, म्हणून सांडगे घातले. तुझ्या राजनंदिनीनं खोलीला बसवलेल्या यंत्राचा पंखा गॅलरीत हाय. आपल्या पाटोद्यातल्या एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा गरम वारा टाकंल म्हणून त्याच्यापुढं वाळत ठेवले. बर्फागत गार झाले! पोरगी म्हणाली, "आजे, हा हीट पंप, हे उलटं हाय. बाहेरची ऊब वढून घरात सोडतंय."

घरमालकीण म्हणायची, गॅसच्या जाळाबिगर ऊब कशी? तिच्या हातात गार सांडगा दिला, मग घरातल्या ऊबदार फरशीवर अनवाणी उभी केली. हलंना बया! आता अख्ख्या बिल्डिंगला असली यंत्रं बसवायचं काम आपल्या पोरीला!

शेळी व्याली का?

लेकीला परत बोलवा म्हणणाऱ्या तुझ्या नवऱ्यानं, रामहरीनंच, पत्राचं उत्तर लिहायचं. फोनातलं नुसतं अंगठ्याचं चित्र चालणार न्हाई.