कुंपणापलीकडे उभं राहायला

ब्रिस्टल, रविवार

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही मजेत आहोत. ईडिथला दुसरा दात आलाय. आमची झोप उडाली आहे, पण काळजी करू नका.

जूनमध्ये आठवडाभर श्रॉपशरच्या डोंगरात एक घर भाड्याने घेतलंय. तिथे पाळणा आहे, जिन्याला फाटक आहे, जवळच्या पबात बाळंही चालतात. मी नकाशावर रोजच्या पायवाटा आखल्या आणि डेस्मंडने जाडजूड चाकांची बाबागाडी आणली.

काल घरमालकीणबाई फोनवर हसायलाच लागल्या. "अगं, इथे दर शेताचं कुंपण लाकडी पायऱ्यांवरून ओलांडायचं. तुझी गाडी काय उडत जाणार?"

खेड्यात वाढलेली मी, आणि हेच विसरले! डेस्मंड म्हणाला, "धन्य आहेस बाई!"

म्हणजे ईडिथला कडेवर न्यायचं, आणि प्रत्येक कुंपणाशी एकाने अलीकडून द्यायचं, दुसऱ्याने पलीकडून घ्यायचं. डेस्मंडला तर त्या आठवड्यात बुधवारपर्यंत सुट्टी नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? आई गेल्यापासून तिचे गुलाब सोडून तुम्ही कुठे गेला नाहीत. आठवडाभर शेजारच्या डोरीनबाई पाणी घालतील, मी विचारलंय. आणि "मी कशाला तुमच्या मध्ये" हे तर म्हणूच नका.

मला आठवतं, तुम्ही मला उचलून द्यायचात आणि पलीकडे आई हात पुढे करून उभी असायची.

या वेळी देणारी मी आहे, बाबा. पलीकडे उभं राहायला या.

वाट बघणारी तुमची,
रोझ